रिपोर्ट नॉर्मल आला, आता कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू का?

बाबांनी गोळी बंद केली ती कुणालाही न सांगता. आठवड्याचा गोळ्यांचा डबा ते स्वतःच भरायचे, त्यामुळे त्यातली एक छोटी गोळी गायब झाली आहे हे कुणाच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गोळी सुरू केली तेव्हा एलडीएल (ज्याला ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतात तो) १६८ होता, सहा महिन्यांनी ८८ आला. रिपोर्टवर एकही आकडा ठळक छापलेला नव्हता. मग आता कशाला? तीन महिन्यांनी शुगरच्या तपासणीसोबत लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, झाली आणि एलडीएल पुन्हा १६३ वर गेलेला दिसला. सुदैवाने दुसरं काही घडलं नाही, पण त्या दिवसापासून आमच्या घरात हा प्रश्न ठाण मांडून बसला.

गेल्या चार वर्षांत घरातल्या तीन माणसांसाठी तो आम्ही डॉक्टरांसोबत बसून सोडवला. बाबांची गोळी चालू राहिली. मावशीची डॉक्टरांनी स्वतःहून बंद केली. माझी पॉवर निम्मी झाली आणि जोडीला दुसरी गोळी आली. सुधारलेले रिपोर्ट तिघांचेही होते, निर्णय मात्र तीन वेगळे झाले, कारण हा निर्णय आजच्या रिपोर्टवर होतच नाही. गोळी सुरू होण्याआधीचा रिपोर्ट आणि ती का सुरू केली होती ते कारण, या दोन गोष्टींवर तो होतो. मी डॉक्टर नाही. तुमच्या डॉक्टरांसमोर बसण्याआधी काय गोळा करायचं, काय विचारायचं आणि कोणत्या उत्तराचा अर्थ काय, एवढंच इथे लिहिते आहे. तोवर एकच विनंती: हे वाचून होईपर्यंत आणि डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत गोळी चालू ठेवा.

आकडा नॉर्मल कशामुळे झाला

विहीर खणताना झरे लागले की मोटर लावून पाणी उपसावं लागतं. मोटर चालू आहे तोवर तळ दिसतो. रात्री मोटर बंद केली की सकाळी पाणी पुन्हा जुन्या पातळीला येतं. कोरडा तळ बघून ‘झरे आटले’ असं कुणी म्हणत नाही.

कोलेस्टेरॉलचंही तसंच आहे. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, ते शरीर स्वतः तयार करतं आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. अ‍ॅटोरवास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन अशी नावं असलेल्या, म्हणजे स्टॅटिन गटातल्या गोळ्या ही निर्मिती ज्या एन्झाइमवर चालते त्यालाच आवर घालतात. यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडू लागलं की ते आपल्या पेशींवर एलडीएल पकडणारे रिसेप्टर वाढवतं आणि रक्तातून एलडीएल ओढून घेतं. (या रिसेप्टरचा शोध लावणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन या दोन अमेरिकी डॉक्टरांना १९८५ साली नोबेल मिळालं.) गोळी पोटात जाते तोवर हे काम चालतं. बंद केली की साधारण चार ते सहा आठवड्यांत आकडा जवळपास जुन्या जागी येतो. बाबांचं १६३ तेच सांगत होतं.

तापावरची किंवा जंतुसंसर्गाची गोळी कोर्स संपला की संपते, आणि आपल्या मनात ‘औषध’ म्हटलं की तोच नमुना असतो. ही गोळी बीपीच्या किंवा थायरॉइडच्या गोळीच्या जातीची आहे. म्हणून नॉर्मल रिपोर्टचा पहिला अर्थ ‘गोळी काम करते आहे’ हा असतो. ‘गोळीची गरज संपली’ हे त्यावरून ठरत नाही.

पहिली पायरी: जुना रिपोर्ट शोधा

घरातली फाईल उघडा आणि गोळी सुरू होण्याआधीचं लिपिड प्रोफाइल काढा. सापडत नसेल तर लॅबला फोन करा, बऱ्याच लॅब जुने रिपोर्ट मोबाइल नंबरवरून काढून देतात. पहिलं प्रिस्क्रिप्शनही शोधा, त्यावर तारीख आणि पॉवर असते.

काहीच मिळालं नाही तर उलटा हिशोब करता येतो. सरासरीने अ‍ॅटोरवास्टॅटिन १० मिलिग्रॅम एलडीएल सुमारे ३७ टक्क्यांनी खाली आणतं, २० सुमारे ४३ टक्के आणि ४० सुमारे ४९ टक्के. रोसुवास्टॅटिन ५ मिलिग्रॅम सुमारे ४० टक्के, १० सुमारे ४६ आणि २० सुमारे ५२. माणसागणिक फरक पडतो, पण अंदाजाला हे पुरतं. बाबांचा आकडा ८८ आणि गोळी रोसुवास्टॅटिन १० ची, म्हणजे मूळच्या १०० पैकी ५४ उरले. ८८ ला ०.५४ ने भागलं की १६३ येतात. गोळी बंद केल्यावर नेमका हाच आकडा आला होता. त्यांनी हा भागाकार आधी केला असता तर तो प्रयोग करावाच लागला नसता.

या हिशोबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. तुम्ही खाणं बदललं असेल, चालत असाल, तर त्याचा परिणाम आजच्या आकड्यात आधीच धरलेला आहे. भागाकारातून येणारा आकडा म्हणजे ‘हे सगळं पथ्य चालू ठेवून, फक्त गोळी काढली तर’ काय होईल त्याचा अंदाज. ‘मी पथ्य पाळतोय, म्हणून बंद केली तरी वाढणार नाही’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही.

दुसरी पायरी: गोळी का सुरू झाली होती?

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. कारणं ढोबळमानाने चार प्रकारची असतात.

हार्ट अटॅक येऊन गेला आहे, स्टेंट बसला आहे, बायपास झाली आहे, रक्ताची गाठ अडकून पॅरालिसिस झाला आहे किंवा पायाच्या रक्तवाहिनीत ब्लॉक निघाला आहे, यांपैकी काहीही असेल तर उत्तर स्पष्ट आहे: गोळी चालू ठेवायची. इथे स्टॅटिनचं काम फक्त आकडा खाली आणणं एवढंच नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबीचा जो थर बसला आहे तो फुटू नये म्हणून त्याला घट्ट, स्थिर करण्याचं कामही ती करते. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या अभ्यासात सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांमधले एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले आणि तिथून या गोळ्यांवरचा भरवसा पक्का झाला. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार या गटासाठी एलडीएल ५५ च्या खाली हवा. लॅबच्या रिपोर्टवर बाजूला ‘१०० पेक्षा कमी’ असं छापलेलं असतं ते सर्वसाधारण माणसासाठी. स्टेंट बसलेल्या माणसाचा ९२ हा आकडा लॅबच्या लेखी नॉर्मल आणि त्याच्या हृदयाच्या दृष्टीने जास्त, असं होऊ शकतं. आणि ‘४८ आला, फारच कमी झाला’ म्हणून आपल्या मनाने गोळी अर्धी करायचीही गरज नसते.

दुसरं कारण आनुवंशिक. गोळीआधीचा एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असेल, घरात कुणाला तरुणपणी झटका आला असेल, टाचेच्या मागच्या शिरेवर किंवा हाताच्या बोटांमागे टणक गाठी असतील, तर हा जन्मापासूनचा दोष असू शकतो. दर अडीचशे-तीनशे माणसांत एकाला तो असतो, म्हणजे आपल्याला वाटतो तितका तो दुर्मीळ नाही. अशा माणसाचं यकृत एलडीएल नीट उचलतच नाही, त्यामुळे पथ्याने तो पुरेसा खाली येत नाही. गोळी आयुष्यभर आणि भावंडांची, मुलांचीही तपासणी. मुलांचा रिपोर्ट काढायचा म्हटलं की घरचे दचकतात, पण लवकर कळलं तर त्या मुलाच्या आयुष्याची कितीतरी वर्षं वाचतात.

तिसरं कारण मधुमेह किंवा किडनीचा जुना आजार. बाबांना शुगर आहे, तीही चौदा वर्षं. चाळिशीनंतर मधुमेह असेल तर एलडीएल फार वाढलेला नसतानाही डॉक्टर स्टॅटिन देतात, कारण रक्तवाहिन्यांना धोका मधुमेहाकडूनच असतो. आकडा सुधारला तरी मधुमेह जागच्या जागी आहे, म्हणजे गोळीचं कारणही जागच्या जागी. डॉक्टरांनी बाबांना हे एका वाक्यात सांगितलं तेव्हा ते लगेच तयार झाले. इतकी वर्षं ‘तुमचं कोलेस्टेरॉल वाढलंय’ एवढंच ऐकत आल्यामुळे तो कमी झाला की काम झालं, असं त्यांना वाटणं साहजिक होतं.

चौथ्या गटात बाकीचे सगळे येतात: झटका नाही, शुगर नाही, मूळ एलडीएल १९० च्या खाली, आणि कधीतरी हेल्थ चेकअपमध्ये १५०-१६० निघाला म्हणून गोळी सुरू झाली. चालू ठेवायची की नाही ही चर्चा खऱ्या अर्थाने फक्त याच गटात उघडी असते. तुम्ही या गटात असाल तर पुढचं नीट वाचा. पहिल्या तीन गटांतल्यांनी ‘दुखणी आणि भीती’ या भागाकडे वळलं तरी चालेल, फक्त मधली एक छोटी पायरी चुकवू नका.

ती छोटी पायरी: स्ट्रिप उलटी करून वाचा

आपल्याकडे एकाच गोळीत दोन-तीन औषधं असलेली कॉम्बिनेशन सर्रास मिळतात. अ‍ॅटोरवास्टॅटिनसोबत अ‍ॅस्पिरिन, रोसुवास्टॅटिनसोबत अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, किंवा सोबत फेनोफायब्रेट. घरात मात्र तिचं नाव ‘कोलेस्टेरॉलची गोळी’ असंच पडलेलं असतं. स्टेंट बसलेल्या माणसाने ती बंद केली तर रक्त पातळ ठेवणारं औषधही त्याच क्षणी बंद होतं. नवीन स्टेंट असेल तर त्यात गाठ होऊन जीव जाऊ शकतो. म्हणून स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचा, नाही जमलं तर मेडिकलमध्ये विचारा आणि गोळीत काय काय आहे ते कागदावर उतरवून ठेवा.

चौथ्या गटातल्यांसाठी: धोका किती, हे मोजा

मोठमोठ्या चाचण्यांच्या एकत्रित हिशोबातून निघालेलं ढोबळ सूत्र असं आहे: एलडीएल सुमारे ३९ ने उतरला की हार्ट अटॅक आणि पक्षाघातासारखे मोठे प्रसंग साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतात. पण पाचवा हिस्सा कशाचा, हे बघायला हवं. ज्यांचा पुढच्या दहा वर्षांचा धोका २० टक्के आहे अशा शंभर जणांत वीसऐवजी सोळा जणांना झटका येईल, म्हणजे चार वाचले. ज्यांचा धोका ५ टक्के आहे त्यांच्यात शंभरात एक वाचला. गोळी तीच, आकडा तोच, फायदा चौपट कमी-जास्त. म्हणून चौथ्या गटात ‘माझा एलडीएल किती’ याच्या आधी ‘माझा धोका किती’ हे विचारायचं.

हा धोका वय, बीपी, तंबाखू, शुगर, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) यांवरून काढतात आणि डॉक्टरांकडे त्याचे कॅल्क्युलेटर असतात. त्यांतले बरेचसे पाश्चात्त्य लोकांच्या माहितीवर बेतलेले आहेत. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, इतरांना सुमारे ५९ व्या. म्हणून आपल्या माणसांसाठी कॅल्क्युलेटरचं उत्तर थोडं वरच्या बाजूने वाचावं. ब्रिटनमध्ये असाल तर तिथल्या क्यूरिस्क३ या कॅल्क्युलेटरमध्ये ‘भारतीय’ हा वेगळा पर्याय आहे, तो निवडला आहे ना ते बघा. आणि तंबाखू म्हणजे फक्त सिगारेट असं समजू नका. मळलेली तंबाखू, गुटखा, मिश्री, जे असेल ते डॉक्टरांना सांगा. मिश्रीबद्दल बायकांना कुणी विचारत नाही आणि त्या आपणहून सांगत नाहीत.

कॅल्क्युलेटरच्या बाहेरच्या चार गोष्टी निर्णयाचं पारडं फिरवू शकतात.

सख्ख्या नात्यातल्या पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर धोका वरचा धरायचा. माझ्या भावाची ४८ व्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. माझी गोळी बंद न होण्याचं मुख्य कारण तेच.

लायपोप्रोटीन-ए ही रक्ततपासणी आयुष्यात एकदा करून घ्यावी. हा घटक आनुवंशिक असतो, पथ्याने किंवा स्टॅटिनने कमी होत नाही आणि भारतीयांत तो वाढलेला असण्याचं प्रमाण बरंच आहे. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर एलडीएल खाली ठेवण्याचं महत्त्व आणखी वाढतं.

कॅल्शियम स्कोअर म्हणजे डाय न टोचता काढलेला हृदयाचा सीटी स्कॅन, काही मिनिटांचा. घ्यावी की नाही अशा काठावरच्या माणसासाठी तो फार उपयोगी आहे. स्कोअर शून्य आला आणि तुम्ही तंबाखू घेत नाही, मधुमेह नाही, घरात कमी वयात हृदयविकार नाही, तर काही वर्षं गोळीविना थांबायला डॉक्टर राजी होऊ शकतात. मात्र गोळी किती काम करते ते बघायला हा स्कॅन पुन्हापुन्हा काढू नका. स्टॅटिनमुळे थर टणक होतो तेव्हा कॅल्शियमचा आकडा वाढूही शकतो आणि माणूस विनाकारण घाबरतो.

चौथी गोष्ट म्हणजे कोलेस्टेरॉल वाढण्याचं दुसरंच काही कारण होतं का. मावशीचं प्रकरण इथलं. वय ५४, एलडीएल १८२, अ‍ॅटोरवास्टॅटिन सुरू. अंग जड, केस गळतायत, पाय दुखतायत, आणि ‘हे या गोळीमुळेच’ असा तिचा ठाम समज. नव्या डॉक्टरांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, काढायला सांगितलं तर तो खूप वाढलेला निघाला. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल वाढतो, आणि त्याच अवस्थेत स्टॅटिन घेतलं तर स्नायूंचं दुखणंही जास्त होतं. थायरॉइडची गोळी सुरू झाली, काही महिन्यांत टीएसएच ताळ्यावर आला, मग डॉक्टरांनी स्टॅटिन थांबवलं. दोन महिन्यांनी एलडीएल ११८. तिला बाकी काहीच धोका नव्हता, त्यामुळे गोळी परत लागली नाही. लघवीतून प्रथिनं जाणारा किडनीचा विकार, स्टेरॉइडसारखी काही औषधं यांनीही असंच होतं. गोळी सुरू होण्याआधी तुमचं टीएसएच झालं होतं का, हे फाईलमध्ये बघाच.

याशिवाय तुमच्यातच मोठा बदल झालेला असू शकतो. तंबाखू सुटली, दहा-बारा किलो वजन उतरलं, बीपी आवरलं. तसं असेल तर धोका नव्याने मोजण्याचा आग्रह धरणं रास्त आहे.

पथ्याने किती होतं

मनापासून पाळलेल्या पथ्याने एलडीएल साधारण १० ते १५ टक्के उतरतो. मूळ १४० असेल तर हे पुरेसं ठरू शकतं, १८० असेल तर नाही. वनस्पती तूप, बेकरीची खारी-बिस्किटं आणि पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलातलं तळण पहिल्यांदा काढा. साजूक तूप आणि लोणी चमच्याने मोजून घ्या. कोकणात, गोव्यात खोबरेल तेलाचा अभिमान मोठा, पण एलडीएल वाढवण्यात ते मागे नाही. आमटीत ओलं खोबरं थोडं घालणं वेगळं आणि सगळा स्वयंपाक खोबरेलात करणं वेगळं. भरीला कडधान्यं, भाज्या, जवसाची चटणी, मूठभर शेंगदाणे. रोज दहा ग्रॅमच्या आसपास इसबगोल नियमित घेतलं तर एलडीएल आणखी थोडा उतरतो. वजन आणि चालणं यांचा जास्त परिणाम ट्रायग्लिसराइडवर, म्हणजे रक्तातल्या दुसऱ्या प्रकारच्या चरबीवर, होतो.

‘गोळी केमिकल आहे, मला नैसर्गिक काहीतरी हवं’ असं म्हणणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. स्टॅटिनचा शोध जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात सहा हजारांहून अधिक बुरशी तपासून लावला, आणि पहिलं औषध बुरशीतूनच निघालं. कोलेस्टेरॉलसाठी विकल्या जाणाऱ्या लाल यीस्ट तांदळाच्या कॅप्सूलमध्ये तर लोव्हास्टॅटिन हे स्टॅटिनच असतं, फक्त प्रत्येक कॅप्सूलमध्ये किती आहे याचा भरवसा नसतो.

दुखणी आणि भीती

गोळी सोडण्यामागे नॉर्मल रिपोर्टपेक्षाही हे कारण जास्त वेळा असतं असं माझं निरीक्षण आहे. रिपोर्ट हे निमित्त होतं, मनात मात्र ‘पाय या गोळीनेच दुखतात’ हे घर करून बसलेलं असतं.

लंडनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेला सॅमसन नावाचा एक अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. दुखण्यामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या. चार महिन्यांच्या बाटल्यांत स्टॅटिन, चार महिन्यांच्या बाटल्यांत तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि चार रिकाम्या. लोकांनी रोज आपला त्रास शंभरपैकी आकड्यात नोंदवला. रिकाम्या महिन्यांत सरासरी ८, औषध नसलेल्या गोळीवर १५.४ आणि स्टॅटिनवर १६.३. त्रास खराच होता, कुणी ढोंग करत नव्हतं. पण त्याचा ९० टक्के भाग गोळी घेण्याच्या कृतीतून आणि तिच्या धास्तीतून येत होता. हे आकडे दाखवल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी पुन्हा स्टॅटिन सुरू केलं.

म्हणून दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून रीतसर पडताळा घ्या. दुखणं दोन्ही मांड्यांत, खांद्यांत, पिंढऱ्यांत सारखं आहे का? गोळी सुरू झाल्यावर किंवा पॉवर वाढल्यावर काही आठवड्यांत आलं का? एकाच गुडघ्याचं, टाचेचं, कंबरेतून एका पायात उतरणारं दुखणं सहसा या गोळीचं नसतं. सीपीके (स्नायूंना इजा झाली आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि टीएसएच तपासून घ्या. डॉक्टर म्हणाले तर दोन ते चार आठवडे गोळी थांबवा आणि रोज त्रासाला दहापैकी गुण देऊन वहीत लिहा. मग कमी पॉवरने किंवा दुसऱ्या स्टॅटिनने पुन्हा सुरू करा आणि वही चालू ठेवा. मी हे केलं. २० मिलिग्रॅमवर मांड्या खरोखर दुखत होत्या, १० वर दुखल्या नाहीत.

ताबडतोब गोळी थांबवून डॉक्टर गाठावा अशी लक्षणं दोन आहेत: अंग प्रचंड दुखणं आणि गळून जाणं, सोबत लघवी चहासारखी काळपट होणं, किंवा डोळे-लघवी पिवळी होऊन काविळीची शंका येणं. यातला पहिला, म्हणजे स्नायू विरघळण्याचा प्रकार फार क्वचित होतो, पण झाला तर तासांचाही उशीर नको.

लिव्हरच्या तपासणीतला एएलटी हा आकडा थोडा वाढला तर घाबरू नका, कमाल मर्यादेच्या तिपटीवर गेला आणि पुन्हा तपासूनही तसाच राहिला तर डॉक्टर थांबतात. फॅटी लिव्हर आहे म्हणून स्टॅटिन चालत नाही, हा समज चुकीचा आहे. शुगरबद्दलची भीती मात्र पूर्ण निराधार नाही. २०१० च्या एका मोठ्या विश्लेषणात २५५ जणांनी चार वर्षं स्टॅटिन घेतल्यावर मधुमेहाचा एक जादा रुग्ण दिसला, आणि हे बहुतेक आधीच काठावर असलेल्यांत घडतं. धोका जास्त असलेल्याला हा सौदा नक्कीच परवडतो. धोका अगदी कमी असलेल्याने हा मुद्दा चर्चेत जरूर मांडावा.

काही औषधांशी स्टॅटिनचं जमत नाही. घशासाठी क्लॅरिथ्रोमायसिन, बुरशीसाठी इट्राकोनाझोल लिहून दिलं तर आपण स्टॅटिन घेतो हे सांगा. काही दिवस थांबवायला सांगतील. मग ते पुन्हा सुरू करायची तारीख कॅलेंडरवर लिहा, कारण अशाच वेळी सुटलेली गोळी कायमची सुटते. ऑपरेशन ठरलं किंवा हॉस्पिटलमध्ये भरती झालात तर स्वतःहून बंद करू नका. गरोदरपणाचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांना भेटा, त्या काळात ती सहसा थांबवतात.

बंद आणि चालू यांच्या मधली जागा

हा हिशोब मला डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे करून दाखवला. मूळ एलडीएल १६०. रोसुवास्टॅटिन २० वर साधारण ७७, १० वर ८६, ५ वर ९६, आणि बंद केली तर परत १६०. पॉवर निम्मी केली की फक्त नऊ-दहा आकडे वाढतात, पण शेवटची ५ मिलिग्रॅम सोडली की एकदम ६४. डोस दुप्पट केला की जेमतेम सहा टक्के जादा फायदा होतो, म्हणून कमी करतानाही तोटा तेवढाच. ज्यांना गोळी जड वाटते त्यांनी ‘बंद करू का’ विचारण्याआधी ‘कमी करू का’ हे विचारावं. एझेटिमाइब नावाची गोळी आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं रोखते आणि आणखी १५ ते २० टक्के उतार देते. माझं १० मिलिग्रॅम अधिक एझेटिमाइबवर ७१ आलं. जेनेरिक स्वरूपात ही औषधं जनऔषधी केंद्रात बरीच स्वस्त मिळतात, खर्चामुळे सोडायची वेळ आली असेल तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

वय पंचाहत्तरच्या पुढे असेल तर

नव्याने सुरू करणं आणि चालू असलेली थांबवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. फ्रान्समध्ये ७५ वर्षांच्या सुमारे १ लाख २० हजार निरोगी हृदयाच्या माणसांची नोंद २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांनी चालू स्टॅटिन सोडलं त्यांना हृदय-रक्तवाहिन्यांच्या प्रसंगामुळे भरती होण्याचा धोका ३३ टक्क्यांनी जास्त दिसला. असा अभ्यास फक्त नोंदींवर असतो, त्यातून पक्कं कारण सिद्ध होत नाही, तरी वय झालं एवढ्याच कारणाने सोडू नये एवढं त्यातून घेता येतं. मात्र शेवटच्या टप्प्यातला कॅन्सर किंवा दुसरा आजार असेल, आयुष्य महिन्यांत मोजलं जात असेल, गिळायला त्रास होत असेल, तेव्हा थांबवणं योग्य आहे. अमेरिकेतल्या ३८१ अशा रुग्णांच्या चाचणीत स्टॅटिन थांबवल्याने नुकसान दिसलं नाही, उलट आयुष्याची गुणवत्ता किंचित सुधारली. आजीच्या तोंडात सहा गोळ्या कोंबताना आपण तिच्यासाठी काहीतरी करतोय असं वाटतं. त्यातली ही एक खुशाल काढायला सांगा.

डॉक्टरांसोबत बंद करायचं ठरलं, तर

गोळी हळूहळू कमी करत नेण्याची शारीरिक गरज नसते. दिवस नीट निवडा. आजारपणात, ऑपरेशननंतर किंवा दिवाळीच्या फराळाच्या आठवड्यात सुरुवात नको. बंद करण्याआधी एक लिपिड प्रोफाइल, मग सहा ते आठ आठवड्यांनी दुसरं, त्याच लॅबमध्ये. मोठ्या तापात किंवा झटक्यानंतर एलडीएल तात्पुरता खाली जातो, तेव्हाचा रिपोर्ट धरू नका. उपाशीपोटीच पाहिजे असं आता राहिलेलं नाही, पण ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असतील तर सूत्राने काढलेला एलडीएल चुकतो, तेव्हा ‘डायरेक्ट एलडीएल’ मागा. दोन रिपोर्टमध्ये दहा टक्क्यांचा फरक निव्वळ चढ-उताराचाही असतो, म्हणून एकाच आकड्यावर घाई करू नका. त्यानंतर सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी.

सगळ्यात महत्त्वाचं, किती झालं की गोळी परत सुरू करायची तो आकडा बंद करण्याआधी ठरवून लिहून घ्या. नंतर ठरवायला गेलं की प्रत्येक वाढलेल्या आकड्याला काहीतरी कारण सापडतं: लग्नसराई होती, आंब्याचा सीझन होता. मावशीच्या फाईलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांच्या अक्षरात तीन ओळी आहेत: स्टॅटिन थांबवल्याची तारीख, दर सहा महिन्यांनी टीएसएच आणि लिपिड, एलडीएल लागोपाठ दोनदा १३० च्या वर आला तर येऊन भेटणे. त्याखाली तिने तेव्हापासूनचे आकडे पेनाने लिहिले आहेत, ११८, १२१, ११५, आणि पुढची जागा मोकळी ठेवली आहे.